तापमान खरे, पण कशाचे?

वडिलांच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या अर्जात आपण ‘६३ अंश सेल्सिअस तापमानात रणगाड्यात सराव’ असे लिहिले आणि ‘हवामान नोंदींशी विसंगत’ असा शेरा मारून तो परत आला, हे वाचले तेव्हा माझाच जुना कागद कोणीतरी पुढ्यात टाकल्यासारखे झाले. डिस्चार्ज स्लिप, मेडिकल बोर्डाची प्रत वगैरे आपण जोडलेच असेल, त्यामुळे त्यावर लिहीत नाही.

बिकानेर जिल्ह्यातील महाजन फायरिंग रेंजवर मी बीएमपीचा, म्हणजे जवानांना वाहून नेणाऱ्या चिलखती लढाऊ गाडीचा, ड्रायव्हर होतो. मे महिन्यात दुपारी भोवळ येऊन पडलो, एमआय रूममध्ये (युनिटच्या वैद्यकीय तपासणी कक्षात) ओली चादर गुंडाळून ठेवले, आणि पुढे अर्जात मी लिहिले, ‘त्या दिवशी तापमान ६१ अंश होते.’ आकडा मनचा नव्हता. सीटशेजारी पत्र्याला टेकून लटकणाऱ्या थर्मामीटरवर तो मी स्वतः वाचला होता. पण तो उन्हात तापलेल्या पत्र्याचा होता. हवामान खाते हवेचे तापमान झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर मोजते. त्या पद्धतीने १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदीला ५१ अंशांची नोंद झाली, तोच देशाचा उच्चांक. मी एका वाक्यात तो दहा अंशांनी मोडला होता! ज्या कार्यालयाने फाइल बंद केली त्याचे नाव घेत नाही, पण थर्मामीटर कुठे होता एवढा एक प्रश्न तिथल्या कोणालाही विचारावासा वाटला नाही, आणि त्यात माझी दोन वर्षे गेली.

तरीही शंका घेणाऱ्याला मी सरसकट दोष देणार नाही. लिबियातील अल-अझिझिया येथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी, इटालियन लष्कराच्या किल्ल्यातील केंद्रावर, ५८ अंश नोंदवले गेले आणि तो जागतिक विक्रम नव्वद वर्षे टिकला. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने तो रद्द केला, कारण नवख्या निरीक्षकाने सुमारे सात अंशांनी चुकीचे वाचन केले असावे, असा निष्कर्ष निघाला. दिल्लीच्या मुंगेशपूरचे मे २०२४ मधील ५२.९ अंशही सेन्सर तीन अंश जास्त दाखवत असल्याचे निघाले. वाळूत पापड भाजणाऱ्या जवानांच्या चित्रफितींचेही तेच: पापड खरोखर भाजतो, पण त्यावरून वाळू किती तापली एवढेच कळते.

माझे मत विचाराल तर मोठ्या आकड्याची गरजच नसते. अमेरिकी मरीन कोअरच्या पॅरिस आयलंड येथील प्रशिक्षण तळावर रिक्रूट उष्माघाताने कोसळू लागले, तेव्हा १९५० च्या दशकात उष्णतेचा धोका मोजणारा एक निर्देशांक तयार झाला. त्यात हवेतला दमटपणा पकडणाऱ्या ओल्या फडक्याच्या तापमापकाला ७० टक्के, उन्हातील काळ्या गोळ्याला २० टक्के आणि साध्या हवेच्या तापमानाला अवघे १० टक्के वजन आहे. तो सुमारे ३२ अंशांवर गेला की काळा झेंडा लागतो आणि कष्टाची कवायत थांबवतात.

म्हणून अर्ज नव्याने लिहिताना जवळच्या वेधशाळेचे त्या दिवसाचे कमाल तापमान एका ओळीत द्यावे, रणगाड्यातील आकडा वेगळ्या ओळीत, कुठे आणि कशाने मोजला हे सांगून द्यावा, आणि या दोन्हींच्या वर एमआय रूममध्ये नोंदलेला ताप व शुद्ध हरपल्याची वेळ लिहावी. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. नियम बदललेले असू शकतात. माझ्या दुसऱ्या अर्जात ६१ हा आकडा तसाच होता, फक्त त्याच्या मागे ‘ड्रायव्हरच्या सीटशेजारील पत्र्यावर’ हे शब्द होते, आणि या वेळी तो परत आला नाही.