आमच्या पुस्तकगटात पहिल्यांदाच एखाद्या पुस्तकावर बोलणारेस ना, मग हे वाच
अगं, कथानक सांगत बसू नकोस, बहुतेकांनी वाचलेलं असतं आणि ज्यांनी नाही वाचलं तेही माना डोलावतात 😄 थेट कुठे अडकलीस ते सांग. म्हणजे नेमाडेंची 'कोसला' घेतलीस तर १९६३ची क्रांतिकारी कादंबरी वगैरे प्रस्तावना नको, नायक पांडुरंगची टवाळकी चालू असते आणि मग त्याची लहान बहीण मनी वारते, तिथे त्याचा सूरच बदलतो, ते पान आधीच खूण करून ठेव, दोन-चार ओळी वाचून दाखव आणि मग तुला काय झालं ते बोल. नाही आवडली तरी बिनधास्त सांग, फक्त नुसतं 'बोअर झाली' नको, नक्की कुठे कंटाळलीस ते सांग, आमच्याकडे खरी भांडणं तिथेच रंगतात. आणि हो, शेवट फोडायच्या आधी विचारून घे गं.