फुलपाखरूंचे नव्हे, फुलपाखरांचे

'बागेत आज चार फुलपाखरू दिसले आणि फुलपाखरूंचे फोटो काढले' ही नोंद व्याकरणाला धरून आहे का, आणि किड्याला मुळात पाखरू का म्हणावे, असे एका वाचकाने विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे आणि ते ठासून सांगण्याची वेळ आली आहे, कारण निसर्गनिरीक्षणाच्या नोंदींत 'फुलपाखरूंचे', 'पाखरूंचा थवा', 'वासरूला' ही रूपे हल्ली पदोपदी भेटतात. अशा ऊकारान्त नपुंसकलिंगी नामाचे अनेकवचन एकारान्त आणि सामान्यरूप आकारान्त होते. म्हणून चार फुलपाखरे दिसली, फुलपाखराचे पंख मिटले आणि फुलपाखरांचे फोटो काढले. दगडाखालच्या विंचवालाही विभक्तीत आपला 'ऊ' सोडावा लागतो, आणि ओल्या पायवाटेवर एकाहून अधिक जळू भेटल्या तर त्या जळवा होतात. अंत्य 'ऊ' तसाच ठेवून त्याला प्रत्यय चिकटवणे हे चाकू, पेरू अशा बाहेरून आलेल्या शब्दांना शोभते.

खरा आनंद मात्र शेवटच्या 'रू'त आहे. तो लघुत्व दाखवणारा प्रत्यय आहे एवढे सांगून काही जण थांबतात. तो आला कोठून, हे विचारतच नाहीत. वासरू पाहा. संस्कृत 'वत्सरूप', त्यातील 'वत्स'चे प्राकृतात 'वच्छ' आणि मराठीत 'वास' झाले, तर 'रूप'मधील 'प'चा 'व' होऊन प्राकृतात 'रूव' आणि पुढे सानुनासिक 'रूं' उरला. जुन्या लेखनात दिसणारा शेवटचा अनुस्वार त्या नपुंसकलिंगाचीच खूण आहे. 'गोरूप'पासून आपले 'गुरूं' आले, ज्याचे आज बहुधा 'गुरे' हे अनेकवचनच कानी पडते, आणि बंगालीतील 'गोरू'ही त्याच घरचा आहे. या दोन भक्कम साक्षींच्या शेजारी मी पाखरू बसवतो: 'पक्ष'चा 'पाख' आणि 'रूप'चा 'रू'. एकदा हा साचा तयार झाल्यावर लेकापासून लेकरू घडायला संस्कृत पूर्वजाची गरज उरली नाही.

येथे 'रूप' म्हणजे 'सारखे दिसणारे' असा अर्थ लावून 'फुलासारखे रूप असलेले ते फुलपाखरू' अशी फोड करणाऱ्यांशी माझा स्पष्ट मतभेद आहे. वासरू हे वत्सासारखे दिसणारे दुसरेच काही नसते, ते वत्सच असते. गुरूं गाईची नक्कल करीत नाही. पाणिनीने 'प्रशंसायां रूपप्' या सूत्रात 'रूप' हा प्रत्यय प्रशंसेसाठी सांगितला आहे, आणि 'वैयाकरणरूप' म्हणजे वैयाकरणासारखा दिसणारा नव्हे, तर उत्तम वैयाकरण, म्हणजे व्याकरणाचा उत्तम जाणकार. माझे मत असे की आपल्या 'रू'तील जिव्हाळा याच प्रशंसेतून उतरला आहे. गुणवान या अर्थापासून लाडका, आणि लाडका या अर्थापासून लहानगा, हा प्रवास भाषेला अवघड नाही. मराठीने त्याला नपुंसकलिंगात ठेवले हेही मला या मताला पोषक वाटते, कारण लेकरू, कोकरू, शिंगरू, पिल्लू, मूल, बाळ ही माया लावणारी सारी नामे आपण त्याच लिंगात वापरतो. हा प्रत्यय निव्वळ आकार मोजणारा असता, तर थोराड गुराला तो चिकटून राहिला नसता.

किड्याला पाखरू म्हणणे चूक ठरवणारेही आहेत. त्यांनी पक्षी या शब्दाकडेच पाहावे. पक्ष म्हणजे पंख ज्याला आहेत तो पक्षी, आणि या व्याख्येत पिसांचा किंवा चोचीचा उल्लेख कोठेही नाही. दिव्यावर झेपावणाऱ्या किड्यांनाही आपण पाखरेच म्हणतो, आणि पाकोळी हे नाव तर एका चपळ लहान पक्ष्यालाही आहे व फुलपाखरालाही. तेव्हा पाखरू हा शब्द किड्याला खुशाल लावावा. फक्त 'फूलपाखरू' असे न लिहिता पहिला उकार ऱ्हस्व ठेवावा, आणि अनेकवचनी 'फुलपाखरे दिसली' असेच लिहावे.