फौजीला विचारा : साध्या शिपायाचा लेफ्टनंट कर्नल

(साताऱ्याचे एक निवृत्त ऑनररी कॅप्टन वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : माझी लेक टास्मानियात लॉन्सेस्टनला असते. जवळच्या इव्हनडेल गावात तिनं पहिल्या महायुद्धातल्या हॅरी मरे या ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याचा पुतळा पाहिला. शिपाई म्हणून भरती होऊन तो लेफ्टनंट कर्नल झाला म्हणे. माझे पणजोबा त्याच युद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात लढले आणि सुभेदार होऊन परतले. त्यांना पुढं का जाता आलं नाही? की हा मरे बड्या घरचा होता?
– एक वाचक भगिनी, कोरेगाव

उत्तर : ताई, बड्या घरचा अजिबात नव्हता. शेतकऱ्याचं पोर. जन्म १८८० चा. टास्मानिया सोडून तो पश्चिम ऑस्ट्रेलियात गेला, सोन्याच्या खाणींच्या मुलखात राहिला, पुढं रेल्वेच्या स्लीपरसाठी झाडं तोडून घेण्याचं काम बघू लागला. १९१४ मध्ये भरती होताना धंद्याच्या रकान्यात त्यानं ‘बुशमन’ लिहिलं, म्हणजे रानात राबणारा. वय चौतिशीला टेकलेलं. तरुणपणी गावाकडच्या तोफखान्यात हौशी सैनिक म्हणून काही वर्षं काढली होती, एवढीच पूर्वतयारी.

१६व्या बटालियनमध्ये त्याला मशिनगन मिळाली. पर्सी ब्लॅक नंबर एक, म्हणजे गन चालवणारा; मरे नंबर दोन, म्हणजे गोळ्यांचा पट्टा पुरवणारा. २५ एप्रिल १९१५ ला हे दोघं तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला उतरले. मी स्वतः एमएमजीवर (मध्यम मशिनगनवर) नंबर दोन होतो, म्हणून सांगतो. लोकांना वाटतं नंबर दोन म्हणजे हमाल. पट्टा तळहातावर तोलून सरळ आत सोडायचा. जरा वाकडा गेला की गन अडकली आणि सगळी कंपनी उघडी पडली. शिवाय गोळ्या कुठं पडतायत, शत्रू कुठून सरकतोय, यावरही नजर. जमीन वाचायला शिकवणारी याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

गॅलिपोलीत अधिकाऱ्यांची फळीच्या फळी कापली गेली. जागा भरायच्या तर समोर लढताना दिसणाऱ्यांतूनच. मरेला आधी शौर्यपदक मिळालं आणि १३ ऑगस्ट १९१५ ला सार्जंटची बढती, अधिकाऱ्याचं कमिशन (म्हणजे नेमणूक) आणि १३व्या बटालियनमध्ये बदली, हे सगळं एकाच दिवशी झालं! पुढच्या मार्चमध्ये कॅप्टन, १९१७ मध्ये मेजर, १९१८ मध्ये लेफ्टनंट कर्नल होऊन चौथ्या मशिनगन बटालियनचा प्रमुख. भरतीपासून साडेतीन वर्षं.

आता तुमचे पणजोबा. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या आपल्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. शौर्य कमी नव्हतं हो, दारच बंद होतं. जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर ही व्हाइसरॉयच्या कमिशनची उतरंड. तिच्या वर राजाचं कमिशन, ते गोऱ्यांचं. वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार-मेजर कालच आलेल्या मिसरूड फुटत्या लेफ्टनंटच्या हाताखाली. व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान हिंदी शिपायाला १९११ पासून मिळू शकत होता, पण कंपनी त्याच्या हाती द्यायला सरकार तयार नव्हतं. छाती चालत होती, हुकूम चालत नव्हता. राजाच्या कमिशनचं दार थोडंसं किलकिलं झालं ते १९१८ नंतर, आणि डेहराडूनची अधिकारी घडवणारी लष्करी अकादमी उघडली १९३२ मध्ये. त्या काळात सुभेदार होणं म्हणजे होतं तेवढं सगळं चढून जाणं. घरातलं कौतुक अगदी रास्त आहे.

ऑस्ट्रेलियाचीही फार आरती ओवाळू नका. मरेसाठी मोकळं असलेलं दार तिथल्या मूळच्या आदिवासींना कायद्यानं बंद होतं. काही जण तरीही घुसले, ती गोष्ट वेगळी. त्यांच्यातले रेग सॉन्डर्स अधिकारी झाले तेव्हा १९४४ उजाडलं होतं.

प्रश्न : मरेला व्हिक्टोरिया क्रॉस नेमका कशाबद्दल मिळाला?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, तासगाव

उत्तर : फ्रान्समध्ये गेदकूर गावाजवळ ‘स्टॉर्मी ट्रेंच’ नावाचा जर्मन खंदक होता. १ फेब्रुवारी १९१७ ला १५व्या बटालियननं तो घेतला, पण हातबॉम्ब संपले आणि हातचा गेला. ४ तारखेच्या रात्री १३वी बटालियन गेली ती भरपूर बॉम्ब घेऊन. उजव्या टोकाला मरेची कंपनी. थंडी अशी की जमीन दगड झालेली, कुदळ शिरेना. म्हणजे नवा आडोसा खणायचा प्रश्नच नाही. खंदक मिळाला, मग जर्मनांचे हल्ल्यावर हल्ले. एका ठिकाणी मरेची माणसं मागं हटली, तेव्हा मरेनं त्यांना सावरलं, बॉम्बफेक्यांच्या पुढं राहिला, संगिनी रोखून धावा केला आणि जखमींना उचलून आडोशालाही नेलं. जागा टिकली. सुमारे १४० जण घेऊन गेला होता, धडधाकट परतले ४८. माझ्या मते या पदकात त्या बॉम्बच्या पेट्या वाहणाऱ्यांचाही वाटा आहे. पहिल्या वेळी शौर्य संपलं नव्हतं, माल संपला होता.

दोनच महिन्यांनी, ११ एप्रिलला, बुलेकूरला वरिष्ठांनी तोफांच्या आधाराऐवजी नव्या रणगाड्यांवर भिस्त ठेवली. रणगाडे वाटेतच कोलमडले. मरे जर्मन खंदकात पोचला आणि कसाबसा परत आला; पर्सी ब्लॅक, त्याचा जुना नंबर एक, काटेरी तारांपाशी पडला. मरेला आणखी एक सन्मान मिळाला, पण तिथं अडकलेली शेकडो माणसं कैद झाली. असल्या योजना आखणाऱ्यांबद्दल मी या सदरात जास्त लिहीत नाही, संपादकांना कात्री चालवावी लागते.

प्रश्न : मी जवान म्हणून भरती झालो तर आज अधिकारी होता येतं का? की आधी एनडीएच करावं लागतं?
– एक तरुण, अपशिंगे मिलिटरी

उत्तर : येतं. बारावी असशील आणि पलटणीत काही वर्षं काढली असशील, तर आर्मी कॅडेट कॉलेजची परीक्षा देता येते. निवड मंडळापुढं जावं लागतं. मग डेहराडूनला तीन वर्षं पदवीसह शिक्षण, त्यावर अकादमीचं एक वर्ष, की खांद्यावर तारे. वयाच्या आणि नोकरीच्या अटी बदलत राहतात, त्या युनिटच्या हेडक्लार्ककडून पक्क्या करून घे. आणि पोरा, इंग्रजी आत्ताच धर. पळण्यात आपली पोरं कुणाला ऐकत नाहीत, मंडळासमोर तोंड उघडायची वेळ आली की मात्र गाडी अडते.