बहीण अल्पदृष्टी आहे, बारावी झाली. कोल्हापुरात कॉलेजात तिच्यासाठीच्या सोयींची चौकशी कुठे करू?

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधीच कॉलेजात जाऊन या, आणि बहिणीला सोबत न्या. तिला काय लागतं ते तिनंच सांगितलेलं बरं. ऑफिसच्या खिडकीवर विचारलंत तर बहुतेक वेळा 'माहीत नाही' एवढंच ऐकायला मिळतं, म्हणून थेट प्राचार्यांना भेटा आणि समान संधी कक्ष कोण बघतं ते विचारा.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आजच स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. तपासणी सीपीआर या सरकारी रुग्णालयात होते. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित कॉलेजात किमान ५ टक्के जागा राखीव असतात, वयातही ५ वर्षांची सवलत मिळते.

परीक्षेचं मात्र अजिबात शेवटावर टाकू नका. लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, दोन्हीचा लेखी अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच द्या आणि पोच घ्या. माझ्या भावाचा अर्ज एका कॉलेजात टेबलावरच पडून राहिला होता. हातात पोच होती म्हणून पेपरच्या आदल्या दिवशी तरी लेखनिक मिळाला. कॉलेज दाद देत नसेल तर शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात ती पोच दाखवा.

ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आहे का बघा. फुकट आहे, नसेल तर टाकून द्यायला सांगा.