झडती, शोध आणि पाठलाग

प्रश्न : इंग्रजीतील ‘सर्च’, ‘सीक’ आणि ‘हंट’ या तिन्हींसाठी आपण ‘शोधणे’ हाच शब्द वापरतो. त्यांच्यात नेमका फरक कोणता?

उत्तर : सर्वाधिक चुका ‘सर्च’मध्ये होतात, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. एखाद्या माणसाला ‘सर्च’ करणे म्हणजे त्याची झडती घेणे. तो माणूस हरवला असेल आणि आपण त्याच्या शोधात असू, तर मात्र ‘सर्च’नंतर ‘फॉर’ हे शब्दयोगी अव्यय आलेच पाहिजे. एवढासा शब्द गाळला, की चिंतातुर नातेवाईक झडती घेणारे ठरतात! ‘सीक’ला मात्र सहसा ‘फॉर’ लागत नाही. सल्ला, आश्रय, न्याय अशा अमूर्त गोष्टींसाठी तो शोभतो, हरवलेल्या किल्ल्यांसाठी नव्हे. ‘हंट’ मुळात शिकारीचा शब्द असला, तरी नोकरी किंवा घर चिकाटीने शोधण्यासाठीही तो रूढ आहे.

‘चेस’ म्हणजे पाठलाग. ‘कॅच’ हा शब्दही त्याच लॅटिन मुळापासून, म्हणजे पकडू पाहणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. ‘पर्स्यू’ पाठलागासाठी चालतोच. शिवाय शिक्षण किंवा ध्येय यांचा दीर्घकाळ ध्यास घेणेही त्यातून व्यक्त होते.

शिकारीतून शोधाकडे जाणारी ही वाट आपल्याला परकी नाही : संस्कृतातील ‘मृगया’ ज्या धातूशी जोडलेली आहे, त्याचा अर्थ ‘शोधणे’ असाही होतो, आणि आज संशोधनासाठी वापरला जाणारा ‘गवेषणा’ हा शब्द मुळात गाईंच्या शोधातून आला आहे.