वाचक विचारतात: डाळिंबाची साल आणि बियांचा चोथा

प्रश्न : डाळिंबाचे दाणे काढून पॅक करण्याचं आमचं छोटं युनिट आहे. सालीचे ढीग उकिरड्यावर जातात. ऑलिव्हच्या तेलगिरणीत उरलेल्या चोथ्यातून पोषक घटक काढतात, असं वाचलं. आपल्या सालीचं तसं काही होईल का? (सांगोला)

उत्तर : नक्की होईल. ऑलिव्हच्या शंभर किलो फळांतून तेल निघतं साधारण 15 ते 20 किलो. हायड्रॉक्सीटायरोसॉलसारखे उपयोगी फिनॉल (फळातले कडवट-तुरट घटक) पाण्यात सहज विरघळतात, त्यामुळे तेलात त्यांचा अगदी थोडा वाटा उतरतो आणि बाकीचे चोथ्यात आणि गिरणीच्या पाण्यात जातात. म्हणून स्पेन, इटलीत त्या चोथ्याला गिऱ्हाईक आहे.

डाळिंबातही तसंच आहे. फळाच्या वजनात जवळजवळ निम्मी साल असते, आणि प्युनिकॅलॅजिन, एलॅजिक आम्ल हे असेच उपयोगी फिनॉल घटक दाण्यापेक्षा सालीत कितीतरी जास्त असतात. अर्क काढण्याचा कारखाना आज उभारू नका. यंत्रं, द्रावक, तपासणी हा मोठा खर्च आहे. आधी चांगली वाळलेली, स्वच्छ साल तयार करायला शिका. अर्कवाल्यांना, कापड रंगवणाऱ्यांना हवी असते ती हीच.

घरी वापरायची तर किलोभर ज्वारीच्या पिठात वाळलेल्या सालीची 20 ग्रॅम पूड पुरे. कडक भाकरीला ती चालते. त्याहून जास्त घातली की भाकरी तुरट लागते. ज्यांना बद्धकोष्ठ आहे त्यांनी टाळावी. गरोदर स्त्रियांनी आणि नेहमीची औषधं चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. विकायची असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवाना लागतो, आणि पाकिटावर रोग बरा होण्याचा दावा करू नका.

प्रश्न : साल वाळवताना काळी पडते, कधी बुरशी येते. काय चुकतं? (पंढरपूर)

उत्तर : बहुतेक वेळा उशीर होतो. कापलेली साल ढीग करून रात्रभर ठेवली की आतून गरम होते, आंबूस वास येतो, आणि मग कितीही वाळवली तरी उपयोग नसतो. सकाळी काढलेली साल दुपारपर्यंत ट्रेवर गेलीच पाहिजे.

फळ सोलण्याआधी धुवा. देठ आणि वरचा मुकुट कापून टाका. माती, किडे, फवारणीचा थर तिथेच साचतो. तेल्या रोगाचे डाग पडलेली आणि कुजकी साल बाजूला काढा. अर्धा सेंटीमीटर जाडीच्या पट्ट्या करा. सुरी स्टीलचीच घ्या, कारण सालीतलं टॅनिन (तुरट घटक) लोखंडाला लागलं की निळसर काळं होतं. तुमचा काळेपणा बऱ्याचदा इथूनच येतो. साल पाण्यात उकळू नका, हवे ते घटक पाण्याबरोबर निघून जातात. फार तर एक-दोन मिनिटं वाफ द्या.

ट्रेवर एकच थर, 50 ते 60 अंशांवर सोलर ड्रायरमध्ये. उन्हाळ्यात सोलापूरचं ऊन भरपूर असलं तरी उघड्यावर रंग उडतो आणि धूळ बसते. आंबे बहराचं फळ पावसाळ्यात येतं, तेव्हा तर ड्रायरशिवाय जमतच नाही. पट्टी वाकवली की कट्‌कन तुटली पाहिजे. तासाच्या अंतराने दोनदा वजन करा, फरक पडला नाही तर झाली. दहा किलो ओल्या सालीची साधारण तीन किलो होते. चार भरली तर अजून ओल आहे. गार झाल्यावरच हवाबंद पिशवीत भरा, गरम भरली की आत घाम सुटतो आणि बुरशी तिथूनच येते.

आणखी एक, फार महत्त्वाचं. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शोषलं जाणारं, कीटकनाशक धुऊन जात नाही. शेवटची फवारणी ते तोडणी यांत ठेवायचा ठरलेला काळ पाळलेल्या बागेचीच साल घ्या, आणि विकण्याआधी लॉटमध्ये कीटकनाशकाचे अवशेष आहेत का याची तपासणी करा.

प्रश्न : रस काढून उरलेल्या डाळिंबाच्या बियांचं तेल घाण्यावर निघेल का? साल गुरांना चालेल का? (मंगळवेढा)

उत्तर : तेल निघतं, पण बी टणक आणि तेल कमी, त्यामुळे करडईच्या हिशेबाने जाऊ नका. बियांवरचा गर चोळून धुवा, पूर्ण वाळवा. यातलं प्युनिसिक आम्ल हवेत लवकर खवट होतं, म्हणून तेल गाळून गडद बाटलीत काठोकाठ भरा आणि थंड जागी ठेवा.

गुरांना साल थोडीच, खुराकात मिसळून द्या. टॅनिन पेंडीतल्या प्रथिनांना बांधून ठेवतं. जास्त झालं की चारा खाणं आणि पचन दोन्ही कमी होतं. बुरशी आलेली साल गुरांनाही नको, ती खतात टाका.