चाचणी पक्की करण्याआधी प्रश्न पारखा

एम.एड.साठी आठवीची गणित चाचणी करताय ना? मग शेवटी ४० प्रश्न हवे असले तरी आधी ६० लिहा. पथदर्शी चाचणीत, म्हणजे आधी थोड्या मुलांवर करून पाहिलेल्या चाचणीत, बरेच गळतात.

१०० पेपर तपासून झाले की गुणांच्या उतरत्या क्रमानं लावा, वरचे २७ आणि खालचे २७ काढा. समजा, एक प्रश्न वरच्यांतल्या २२ आणि खालच्यांतल्या ८ जणांना जमला. काठिण्यमूल्य (एकूण कितीजणांना प्रश्न जमला याचं प्रमाण) ३० भागिले ५४, म्हणजे ०.५६. भेदनमूल्य (प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांत किती फरक दाखवतो ते) २२ उणे ८, म्हणजे १४ भागिले २७, म्हणजे ०.५२. प्रश्न उत्तम, ठेवा. भेदनमूल्य ०.२० च्या खाली असेल तर बदला. उणे आलं तर आधी उत्तरसूची बघा. कधीकधी चूक तिथंच असते.

विश्वसनीयता (पुन्हा घेतली तरी गुण तसेच येणं) ०.८५ आली म्हणून सप्रमाणता (जे मोजायचं तेच मोजलं जाणं) आली, असं कृपा करून धरू नका. उसाच्या टनेजवरचं उदाहरण शिरोळच्या शेतकऱ्याच्या पोराला घरचंच. कोल्हापूर शहरात राजारामपुरीतलं पोर मात्र ‘टनेज’ शब्दापाशीच अडेल. अशा प्रश्नात गणिताबरोबर शेतीची ओळखही मोजली जाते. आणि नमुना फक्त शहरातल्या शाळांचा असेल, तर त्यावरची मानकं (गुण कशाशी ताडायचे त्या पातळ्या) चंदगडसारख्या ग्रामीण तालुक्यातल्या मुलांना लावू नका.